सुंदराबाईच्या खोलीतला महिना

मुंबईत चौदा वर्षं काढली तेव्हा माझी म्हणून जागा होती ती खिडकीखालची, एक चटई मावेल एवढी. लालबागला आमच्या गावच्या मंडळाची खोली होती. दहा बाय बाराची खोली आणि माणसं अठरा. ऐकणाऱ्याला थाप वाटते. पण त्यात विशेष काय नव्हतं, कोण कामावर, कोण झोपलेला, उरलेले रस्त्यावर. शिवा रातपाळी करून यायचा तेव्हा मी उठायचो आणि त्याच गरम चटईवर तो आडवा व्हायचा. चटईनं आम्हा दोघांत फरक केला नसेल.

लग्नाला अकरा वर्षं झालेली. बायको, मालन, गावाला. देवगडच्या पलीकडं आमचं घर, तिथं माझ्या म्हातारीजवळ. मी गणपतीला आठ दिवस जायचो, शिमग्याला आठ दिवस, तेही गिरणीनं सोडलं तर. गावच्या बायका तिला विचारायच्या, पोरबाळ कसं नाही गो. आता कुठनं होणार? मनीऑर्डरीतनं?

छप्पन सालच्या पावसाळ्यात म्हातारी गेली. भात कापून झालं आणि मालननं शाळेतल्या मास्तराकडनं पत्र लिहून घेतलं. मी दुसरीत शाळा सोडलेली, अक्षर लावत बसलो तर तास जायचा. म्हणून रघुला वाचायला दिलं, तो सातवी पास. म्हणजे पत्र अठरा जणांनी ऐकलं. मास्तरानं शुद्ध लिहिलेलं, पण आत बोलत होती तीच. घरात आता मी आणि मांजर एवढीच आहोत, मला न्यायचं तर न्या, नाही तर तसं सांगा. मुंबई पटली नाही तर शिमग्याआधी बोटीनं परत येईन, मग पुन्हा बोलवू नका.

रघुनं पत्र घडी करून दिलं. कोपऱ्यात रामजीतात्या विडी ओढत होते. आमच्यातले सगळ्यात जुने, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, वीस वर्षं, बायको जाऊन दहा. ते म्हणाले,

"दत्त्या, आता खोली बघ. चटईवर संसार होत नाय."

खोली म्हणजे काय सोपं काम होतं? पण नशीब बघा, आमच्या चाळीसमोरच्या चाळीत सुंदराबाई खाणावळ चालवायची. घाटावरची बाई, नवरा गिरणीत असताना गेला, तेव्हापासनं चुलीवर. मी तिच्याकडं सहा वर्षं जेवलो. तिला आता गावी जायचं होतं, खोली पगडीनं द्यायची होती. पोस्टात माझं थोडं साठलं होतं, थोडं गिरणीच्या सोसायटीतनं निघत होतं, म्हणजे जमण्यातलं होतं. मी विचारलं तर तिनं मला वरपासनं खालपर्यंत बघितलं, जसं काय पहिल्यांदाच बघतेय.

"तुला न्हाई विचारत मी," म्हणाली. "तुझी बायकू काय म्हणतीया? भोईवाड्याला माझ्या लेकीचं बाळंतपण हाय. मी म्हैनाभर तिकडं जाते. दोघं हितं ऱ्हावा. म्हैन्यानं येते, तवा तिनं सांगायचं. तू न्हाई, तिनं."

असं घर घेताना कोणी बघितलंय? पण ती बाई तशीच होती. दुसरं गिऱ्हाईक दाराशी उभं असताना तिनं माझ्यासाठी महिना थांबायचं कबूल केलं.

आता दुसरी भानगड सांगतो. मालनचा धाकटा भाऊ गंगाधर भांडुपला कारखान्यात होता. डोंगराच्या पायथ्याला त्यानं घर बांधलेलं, आणि शेजारचं घर विकायचं होतं. दोन खोल्या, पुढं अंगण, मागं विहीर. किंमत सुंदराबाईच्या एका खोलीएवढीच. गंगाधर मला पाच वेळा सांगून गेला की भावोजी, चाळीत काय ठेवलंय, आक्काला मोकळी हवा लागते. मी मनात दोन्ही धरून होतो. मालन राहिली पाहिजे, बस. ती परत बोटीत बसली तर पुन्हा यायची नाही हे मला ठाऊक होतं. ती बोललेलं मोडणारी बाई नाही.

भाऊच्या धक्क्यावर उतरली ती एक बोचकं, एक कोयता आणि आठ नारळ घेऊन. कोयता कशाला म्हटलं तर म्हणाली, नारळ कशानं फोडणार. बरोबर होतं. मुंबईत येऊन पहिल्याच वाक्यात तिनं मला गप्प केलं.

खोलीत आली. चूल बघितली, मोरी बघितली, खिडकीतनं गिरणीचं धुराडं बघितलं. मी सांगत सुटलो, भोंगा झाला की मी चहाचा शेवटचा घोट घेतो आणि तरी वेळेवर गेटात असतो, चार मिनिटांचा रस्ता. ती हूं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ट्रंका आल्या. हे तिला मी सांगितलं नव्हतं, कारण यात सांगण्यासारखं काय असतं हेच मला कळत नव्हतं. आमच्यात रिवाजच होता तो. गावातल्या एकानं खोली केली की चार गावकरी त्याच्याकडं जेवायला येणार, त्यांच्या ट्रंका त्याच्या खाटेखाली जाणार आणि झोपायला ते बाहेर गॅलरीत पथारी टाकणार. मीसुद्धा पहिल्यांदा आलो तो असाच दुसऱ्याच्या खाटेखाली ट्रंक सरकवून. तेव्हा रामजीतात्या, शिवा आणि रघु आले. मालननं तीन ट्रंका मोजल्या, तीन माणसं मोजली, आणि तांदूळ वाढवला.

त्या महिन्यात आम्ही चौघंही दिवसपाळीला होतो. चार वाजले की सगळे घरात. अकरा वर्षांनी नवराबायको एका छपराखाली, आणि मध्ये हे तीन बाप्ये पाय पसरून बसलेले. शिवाला काय कळत नव्हतं. रघुला कळत होतं पण तो लाजायचा. कळलं ते तात्यांना. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, चला रे, सभा आहे.

आता त्या दिवसांत सभांना तोटा नव्हता. निवडणुका तोंडावर आलेल्या, मुंबई महाराष्ट्राला मिळाली पाहिजे म्हणून गल्लीगल्लीत पताका, रोज कुठं तरी भाषण. कामगार मैदान, नरे पार्क, शिवाजी पार्क, सगळं पायांच्या टप्प्यात. आमच्यासारख्याला ट्रामचा आणासुद्धा लागत नव्हता. तात्या दोघांना घेऊन निघायचे ते दिवेलागणीनंतर यायचे. जाताना मला सांगायचे, दत्त्या, तुझं अंग बरं नाय ना, तू ऱ्हव. असं दोनतीन आठवडे माझं अंग बरं नव्हतं. गिरणीत पोरं मला विचारायला लागली, काय दत्ताराम, मोरारजीच्या बाजूचा झालास काय, सभेला दिसत नाहीस.

सभा नसली तर तात्या सभा काढायचे. एकदा म्हणाले वरळी कोळीवाड्यात मोठी सभा आहे. तिघं चालत गेले. तिथं सभा नव्हतीच. येताना सुक्या बोंबलांची जुडी घेऊन आले. मालननं विचारलं, सभा कशी झाली, तर शिवा म्हणाला, चांगली झाली, बोंबील खूप होते. तात्यांनी त्याच्या पाठीत एक घातला.

ते गेले की मी दार लावून घ्यायचो. पहिले काही दिवस कसे गेले ते सांगत नाही, ते माझं मी ठेवतो. एवढंच सांगतो की माझी बायको हसते कशी हे मला लग्नाच्या अकराव्या वर्षी नीट कळलं. हसायच्या आधी तिचं नाक हलतं.

पण दहाबारा दिवसांनी ती गप्प व्हायला लागली. संध्याकाळी दार लावलं की सुपात तांदूळ घेऊन बसायची. निवडलेलेच परत निवडायची. बाहेर गॅलरीत शेजारची बकुळा आणि बाकीच्या बाया बडबडत असायच्या, खाली भाजीवाला ओरडायचा, मसाल्याच्या गिरणीतनं मिरचीचा खाट यायचा, आणि ही मान वर करून ऐकायची. तिघं परत आले की जेवताना रघु भाषण सांगायचा, अगदी हातवारे करून. तेव्हा मात्र वाढायची थांबून ऐकायची. आमटी निवायची.

मी काय समजलो? मी समजलो हिला गर्दी सोसत नाही. तीन बाप्यांचं करणं, नळावरची रांग, भिंतीपलीकडचा खोकला. हिला अंगण पाहिजे. आणि घाबरलो.

रविवारी तिला भांडुपला घेऊन गेलो. गंगाधर स्टेशनवर आला होता. तिथनं अर्धा तास चाललो, वाटेत एक दुकान नाही. घर मात्र बेस. अंगण सारवलेलं, विहिरीला पाणी वरपर्यंत, मागं डोंगर. इतकं शांत की मला माझ्याच कानांत साचा वाजताना ऐकू यायला लागला. मालननं अंगणाला एक फेरी मारली. मग भावाला विचारलं की संध्याकाळचा तू कुठं जातोस. तो म्हणाला, कुठं जाणार, ड्युटीवरनं येतो नि झोपतो. तिनं विचारलं, आणि वहिनी? तो म्हणाला, ती घरातच असते. मालन वहिनीकडं बघत राहिली. मग काय बोलली नाही.

आता आमच्याकडं बाईमाणूस गप्प बसलं म्हणजे हो, असं आम्ही आजापणज्यापासनं धरून चाललेलो. माझ्या आईच्या लग्नात तिला विचारलं ते असंच, माझ्या लग्नात मालनला विचारलं ते असंच. मीही तेच धरलं. गंगाधरला तिथल्या तिथं शब्द दिला. तिला सांगितलंसुद्धा नाही, म्हटलं घरी गेल्यावर आनंदाची बातमी देऊ.

लालबागला आलो, गॅलरीत तात्या भेटले. त्यांना म्हटलं, तात्या, ठरलं, भांडुपचं घर घेतोय, पहिल्या तारखेपासनं तुम्ही ट्रंका मंडळाच्या खोलीत न्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. बरं म्हणाले. आत गेले, वाकून आपली ट्रंक ओढली, खांद्यावर घेतली. पहिली तारीख लांब होती, पण म्हातारा मानी.

मालन चुलीपाशी होती. तिनं विचारलं, तात्या, ट्रंक खय नेतास? ते म्हणाले, बाय, तुजा घर भांडुपाक झाला ना. आणि निघून गेले.

मी आत गेलो तेव्हा तिनं चूल विझवली होती. अर्धा भात तसाच.

"माका कोणी इचारल्यानी?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, तू तिथं काय बोलली नाहीस, मला वाटलं तुला आवडलं. इथं तू रोज गप्प असतेस. मला वाटलं तुला गर्दी नको, आपलं दोघांचं असं घर पाहिजे.

"तुमी रोज सांजेक दार लावन घेतास," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "अकरा वर्सां मी दार लावनच बसलंय. सासूक धरून. आता तुमका धरून बसतंय, इतकोच फरक. ते तिघे रोज खय खय जातत, येवन सांगतत, वाट किती मोठी, माणसां किती, बाया किती. बायासुदा जातत तेंका. माका एक दिस कोणी म्हटल्यानी, तू येतंस काय?"

मी म्हटलं, ते आपल्यासाठीच बाहेर जातात गो, आपल्याला एकांत मिळावा म्हणून.

"ता माका कळता," ती म्हणाली, आणि नाक हललं, पण हसली नाही. "एकांत घटकाभर पुरता. मग?"

मी चौदा वर्षं मुंबईत फिरलो होतो. चटईवर जागा नव्हती म्हणून रस्त्यावर राहिलो होतो. पायाखालची भुई मला सगळी पाठ, परळ, दादर, गिरगावपर्यंत. आणि जिला आणलं, जिच्यासाठी खोली बघितली, तिला मी ते सोडून चार भिंती दाखवल्या.

दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कला सभा होती, खरी. मी गिरणीतनं आलो, हातपाय धुतले, टोपी घातली. तिला म्हटलं, चल. तिनं विचारलं नाही कुठं. हिरवं लुगडं नेसून आली.

आम्ही निघालो तशी ती मागं पडली. गावाला असंच चालायचं, नवरा पुढं, बाई सहा पावलं मागं, डोक्यावर टोपली. मी तरी तिला दुसरं कसं नेलंय कधी? भारतमाता सिनेमापाशी माणसं वाढली. चाळीचाळीतनं लोक निघत होते, कामावरनं आलेले तसेच, कापूस अजून केसांत. मी दर चार पावलांनी वळून बघायचो, आहे ना, हरवली तर नाही ना. परळच्या नाक्यावर एका म्हाताऱ्याला धडकलो. एल्फिन्स्टनच्या पुलावर तर एवढी गर्दी की मी जवळजवळ उलटाच चालत होतो. मागनं कोण तरी म्हणालं, अहो पाव्हणे, भाषण पुढं आहे.

तेव्हा ती सहा पावलं चालून माझ्या बाजूला आली. खांद्याला खांदा.

"मागे बगू नकात," म्हणाली. "मी हय आसंय."

तिथनं शिवाजी पार्कपर्यंत ती बाजूलाच चालली. मी सांगत होतो, ती बघत होती. इस्पितळ त्या बाजूला राहिलं, तिकडं फुलबाजार, ही गल्ली पोर्तुगीज चर्चला निघते. मध्येच थांबायची, दुकानाच्या आत डोकवायची, कोणाच्या तरी खिडकीतल्या कुंडीकडं बघायची. सभेत बायकांची जागा वेगळी होती, दोरी बांधलेली. ती तिकडं गेली. भाषणात काय झालं ते मला आठवत नाही, मी दोरीपलीकडं हिरवं लुगडं शोधत होतो. घोषणा झाली तेव्हा एकदा दिसली. तोंड उघडं, हात वर. आमच्या घरात आवाज न चढवणारी बाई.

परत येताना तात्या, शिवा, रघु वाटेत भेटले. तात्यांनी आम्हाला बघून तोंड फिरवलं, रागावलेले. मालननं त्यांना गाठलं. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, गर्दी होती. घरी पोचलो तर थोड्या वेळानं तात्या ट्रंक घेऊन दारात. म्हणाले, सूनबाईचा हुकूम आहे. आणि हुकूम एवढ्यावर संपत नव्हता. दर रविवारी चूल बाप्यांनी करायची. आणि आठवड्यातनं तीन संध्याकाळी ती बाहेर जाणार, भात कोणीतरी उतरवायचा. शिवानं पहिल्याच रविवारी भात करपवला. खाल्ला आम्ही.

महिना भरला तशी सुंदराबाई आली. नातू झाला होता, खूश होती. खाटेवर टेकली, मला सांगितलं, तू बाहेर ऱ्हा. मी गॅलरीत उभा. आत दोघी काय बोलल्या कोण जाणे, एकीची भाषा घाटाची, दुसरीची कोकणाची, पण तासभर चाललं. मध्ये एकदा दोघी हसल्या. मग सुंदराबाईनं मला आत बोलावलं.

"खोली बारकी हाय म्हणतीया," ती म्हणाली. "मोरी गळती म्हणतीया. ते खरं हाय. मोरी तुझी तू करून घे."

एवढंच. म्हणजे हो. मालन माझ्याकडं बघत होती, गप्प. पण ही गप्प वेगळी होती, आता मला थोडं थोडं ओळखता यायला लागलं होतं. तरी मी विचारलं, राहशील? आजापणज्याच्या पुढं एक पाऊल टाकलं म्हणा.

"रवतंय," ती म्हणाली.

राहिलं काम गंगाधरचं. शब्द देऊन बसलो होतो, तोंडावर जाऊन मोडायला पाहिजे होता. शिव्या खाव्या लागणार हे ठरलेलं. मी मालनला म्हटलं, रविवारी दोघं जाऊ, तुझा भाऊ आहे, तू असलीस की तो हात आवरता घेईल. ती म्हणाली, रविवारी सकाळी बकुळाबरोबर प्रभातफेरीला जायचंय, नरे पार्कपासनं निघून भोईवाडा करून परत. मग बायकांची कसली तरी बैठक. तुम्ही जा.

मी एकटाच गेलो. गंगाधर आधी माझ्यावर तापला, मग सावरला, मग वहिनीनं चहा आणला. तो पुनःपुन्हा विचारत होता, पण आक्का का नाही आली, रागावली काय माझ्यावर.

मी म्हटलं, नाही रे, तिला सवड नाही.

त्याला ते खोटं वाटलं. त्याच्या बायकोला मात्र पटलं असावं. ती कप घ्यायला वाकली तेव्हा हळूच विचारून गेली, लालबागला यायचं तर स्टेशनवरनं किती चालावं लागतं.